झोपवणं सोपं असतं हो!

...आणि वर तोंड करून विचारतात, "म्हणजे डॉक्टर, तुम्ही फक्त झोपवता, नाही का?" फक्त! हा 'फक्त' कानावर पडला ना, की तुम्हाला सांगतो, माझंच प्रेशर असं चढतं की एखादं इंजेक्शन स्वतःलाच टोचून घ्यावं! परवा लिफ्टमध्ये आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. हसत हसत म्हणतात, "तुमचं बरं आहे बुवा. एक सुई टोचली, पेशंट आडवा, की तुम्ही मोकळे. कापाकापी दुसऱ्यानं करायची!" मी म्हटलं, "हो ना." दुसरं काय म्हणणार? लिफ्ट वर पोचेपर्यंत माणूस किती समजावून सांगणार?

अहो, झोपवणं सोपं असतं हो! झोपवायला भूलतज्ज्ञ कशाला लागतो, रटाळ भाषणसुद्धा पुरतं. आत्ता बघा, मागच्या रांगेतले ते काका पेंगायला लागलेत, मी काही टोचलंय का त्यांना? पण काका पेंगले तरी त्यांचं हृदय आपलं आपण चालू असतं. आम्ही ज्याला झोपवतो ना, त्याच्याबरोबर त्याच्या रक्तवाहिन्याही सैल पडतात, अगदी सुट्टी लागल्यासारख्या, मग प्रेशर घसरतं, मग हृदय गांगरतं, कुणाचं पळत सुटतं, कुणाचं रेंगाळतं... आणि पडद्याच्या पलीकडून सर्जन महाशय गाणं गुणगुणत विचारतात, "सगळं ठीक ना?" ठीक! इकडे माझ्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि मी म्हणतो, "हो हो, चालू द्या."

म्हणून माझ्या उजव्या हाताशी एक ट्रे असतो. त्यात सिरिंज, प्रत्येकीवर रंगीत पट्टी आणि नाव. ही माझी माणसं! फेनिलेफ्रिन... हा सरळमार्गी गडी. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळायच्या, प्रेशर वर आणायचं, हृदयाच्या भानगडीत पडायचं नाही. एस्मोलॉल म्हणजे घरातली शहाणी मावशी, पळत सुटलेल्या हृदयाचा हात धरून "अरे जरा दमानं" म्हणते आणि आपलं काम झालं की काही मिनिटांत निघून जाते, चहालासुद्धा थांबत नाही. नॉरॲड्रेनालिन... हा खमक्या. हा थेंबथेंब, पंपावर लावायचा. रक्तवाहिन्या आवळतो, हृदयालाही जरा कोपरखळी मारतो. आणि ॲड्रेनालिन. तो ट्रेत असतो, पण त्याची पाळी आली की समजायचं, घराला आग लागली.

पण मला सांगायचं होतं वहिनीचं. मी असा भरकटतो बघा.

माझी वहिनी. दादाची बायको. आमची आई गेली तेव्हा मी एवढासा होतो, आणि दादाचं लग्न झालं तेव्हा वहिनीला सासरी एक कपाट मिळालं, एक शिवणयंत्र मिळालं, आणि मी मिळालो. त्यांना मूल झालं नाही. म्हणजे झालं की, मीच! पण वहिनीला तिच्या आईनं शिकवून पाठवलेलं, दिराला 'भाऊजी' म्हणायचं, 'अहो' म्हणायचं. ती म्हणाली! दुधाचे दात पडलेल्या पोराला "अहो भाऊजी, नाक पुसा." "भाऊजी, शी झाली का तुमची?" हसू नका! गल्लीतली पोरं मला त्यावरून छळायची. मी रडत घरी यायचो, तर ती म्हणायची, "भाऊजी, मान मिळतो तो घ्यावा."

तर ही वहिनी न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करायलाच हवं, नाहीतर माणूस अंथरुणाला खिळतो आणि मग उठत नाही. बरं, हाडाचं ऑपरेशन काय, रोज होतात. पण तिच्या हृदयातून रक्त जिथून बाहेर पडतं ना, तिथली झडप वयानं कडक झालेली, दगडासारखी. दरवाजा हवा तिथे नुसती फट! आता अशा माणसाला झोपवायचं म्हणजे... प्रेशर पडलं तर हृदयालाच रक्त मिळेना, आणि हृदय पळालं तर त्याला भरायलाच सवड मिळेना. खालीही जायचं नाही, पळायचंही नाही. म्हणून म्हणतो, झोपवणं सोपं असतं हो, पण झोपलेलं माणूस सांभाळणं...!

ती म्हणाली, "भाऊजी, तुम्हीच करा." मी म्हटलं, "वहिनी, आमच्यात घरच्या माणसाला आपण भूल द्यायची नसते, हात थरथरतो." तर म्हणते, "मी तुमचे कान टोचताना धरून बसले होते, माझा नाही थरथरला!" घ्या!

शेवटी मी माझ्या विद्यार्थिनीला गाठलं. आता ती माझ्यापेक्षा हुशार आहे, अतिदक्षता विभागही तीच सांभाळते. अंगानं एवढीशी आणि सदानकदा कामात, म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणतो. पाठीमागे म्हणायचो, आता तोंडावरही म्हणतो. मुंगीनं सगळे रिपोर्ट बघितले, मान वर केली नाही. म्हणाली, "सर, मी देते भूल. एका अटीवर. वहिनी झोपल्या की तुम्ही बाहेर." मी म्हटलं, "अगं मी कोपऱ्यात गुपचूप..." "सर. बाहेर."

ऑपरेशनच्या सकाळी मी वहिनीचा हात धरून आत गेलो. ती आढ्याकडे बघत म्हणते, "शी, किती गार आहे हो इथं! इथं जन्म काढलात तुम्ही?" मुंगी म्हणाली, "आजी, आता काहीतरी छान आठवा. एखादी गोष्ट सांगा आम्हाला." आणि औषध हळूहळू जायला लागलं. तर वहिनी सगळ्यांकडे बघून, अगदी खणखणीत आवाजात, "गोष्ट ना? हे तुमचे मोठे डॉक्टर आहेत ना, हे भाऊजी, सहावीत जाईपर्यंत रोज रात्री अंथ..."

आणि झोपली! तिथेच! अहो, एक शब्द आधी झोपायचं किंवा एक वाक्य नंतर! अख्खी खोली माझ्याकडे बघतेय. सिस्टर, सर्जन, त्याचा मदतनीस, सगळ्यांच्या मास्कवरून डोळे हसताहेत. मी म्हटलं, "अंथरूण स्वतः घालायचो, असं म्हणायचं होतं तिला." मुंगी म्हणाली, "हो सर. बाहेर."

बाहेर दादा बाकावर. दादा आयुष्यभर बस चालवायचा. त्याला जगातलं सगळं गाडीवरून कळतं. मी जाऊन बसलो. आणि तुम्हाला सांगतो, दाराच्या त्या बाजूला मी जन्मात कधी बसलो नव्हतो! किती टणक बाक ते! आणि घड्याळ बरोब्बर समोर, हे कुठल्या शहाण्यानं लावलं? आत मी असलो की वेळ कसा पळतो, आणि बाहेर... मी आपला मनातल्या मनात, आता नळी घातली असेल, आता प्रेशर पडलं असेल, आता मुंगीनं फेनिलेफ्रिन दिलं असेल, थोडं, थोडं दे गं, एकदम नको... आता वर आलं... आता हृदय पळायला लागलं तर? मावशी, मावशी कुठाय?

दादा म्हणाला, "काय पुटपुटतोयस?" मी त्याला सांगितलं, दादा, असं असं आहे, प्रेशर धरून ठेवायचं असतं. "म्हणजे टायरातली हवा." हो दादा, टायरातली हवा. "आणि इंजिन जास्त तापवायचं नाही." बरोबर. "मग चढावर काय करतात?" म्हटलं, चढावर नॉरॲड्रेनालिन. तो म्हणाला, "ती पोरगी चांगली चालवते ना?" मी म्हटलं, "माझ्यापेक्षा चांगली." "मग तू का घामाघूम झालायस? शेजारच्या सीटवर बसून ब्रेक दाबू नये."

पण मी ऐकतोय का? मी उठलो, टोपी चढवली, दार ढकललं, मान आत घातली. मॉनिटरच्या पडद्यावर प्रेशर एकशे दहा. सुंदर! मुंगीच्या बोटांत सिरिंज, तिची नजर पडद्यावर. मान न वळवता म्हणाली, "सर, बाहेर." तिला दिसलं कसं? मुंग्यांना मागे डोळे असतात का?

ऑपरेशन उत्तम झालं. सर्जन गाणं गुणगुणत बाहेर आला, "एकदम झकास, घट्ट बसवलाय खुबा." आणि दुसऱ्या दिवशी वहिनी उशीला टेकून बसलेली, चहात बिस्किट बुडवत. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "भाऊजी, झोप काय छान लागली हो! इतकी वर्षं लोकांना अशी झोप देत फिरता, आणि घरच्या माणसाला कधी दिली नाहीत?" मी म्हटलं, "वहिनी, ती गोष्ट अर्धी राहिली." "कुठली?" तिला काही म्हणजे काही आठवेना! मग मीच तिला सांगितली, माझ्याच अंथरुणाची, आणि ती इतकी हसली की टाके दुखतात म्हणून मुंगी मलाच रागावली. दादा शेजारी बसून तिच्या बशीतलं बिस्किट खात होता. एवढं सुखाचं मी त्या इमारतीत काही पाहिलं नाही. खरंच नाही.

तिथेच थांबायला हवं होतं ना सगळं?

पण मग तिला ताप चढला. छातीत संसर्ग झाला, म्हाताऱ्या माणसाला आडवं पडून होतो तसा. आधी खोकला, मग धाप, मग तिला अतिदक्षता विभागात हलवलं, तोंडावर मास्क आला, मग ती गुंगीत गेली. आणि प्रेशर पडायला लागलं. आता संसर्गानं रक्तवाहिन्या सैल पडतात ना, त्या भुलीसारख्या नसतात. भूल उतरते हो. हे उतरत नाही. मुंगीनं नॉरॲड्रेनालिनचा पंप लावला. वर आलं. परत पडलं. पंप वाढवला. परत वर आलं. दुसरं औषध जोडलं, व्हॅसोप्रेसिन. हृदयाला जोर यावा म्हणून तिसरं जोडून बघितलं, तर ते हृदय आपलं बिचारं त्या फटीवर धडका मारत पळतच सुटलं, काढून टाकावं लागलं. आणि मी उभा. सगळी माझीच माणसं! जन्मभर ज्यांच्या जिवावर मी मिरवलो, ती सगळी एकेक करून वहिनीच्या शिरेत जाताहेत, आणि प्रत्येक जण थोडा वेळ टिकतो, आणि मान खाली घालतो.

दादाला पंपाचा आकडा वाचायला यायला लागला. प्रेशर नाही, पंप! त्यानं बरोबर ओळखलं होतं की खरी गोष्ट तिथे आहे. मी खोलीत शिरलो की म्हणायचा, "वाढवलंय परत." मी म्हणायचो, "हो." "मग अजून वाढव की. अजून जागा आहे ना तिथं?" जागा असते हो. पंपाला काय, आकडा कितीही वर जातो.

त्या दुपारी मी आत गेलो, तर दादा तिच्या पायांशी बसलेला. तिचे तळवे दोन हातांत धरून चोळतोय. म्हणाला, "बर्फासारखे पडलेत. इथं एसी लावतात आणि माणसाला पांघरूण धड घालत नाहीत." खिशातून त्यानं मोजे काढले. स्वतःचे, लोकरीचे, टाचेला रफू केलेले. आणि एकेक बोट सांभाळून घालायला लागला. बोटं निळी पडलेली. मुंगीनं माझ्याकडे बघितलं, मी खिडकीकडे.

कारण मला माहीत होतं ना! पाय एसीनं गार पडले नव्हते. नॉरॲड्रेनालिन रक्तवाहिन्या आवळतो, तो हातापायांतलं रक्त ओढून मेंदूला देतो, हृदयाला देतो. थोडा असला की सांभाळतो. एवढा वाढवला की बोटं गोठवतो. त्या मोज्यांनी ऊब येणार नव्हती. आणि हे मी दादाला कुठल्या तोंडानं सांगू? बाहेर बाकावर बसून त्याला टायर, इंजिन, चढ सगळं ऐटीत सांगितलं होतं मी!

दादानंच विचारलं. मोजा ओढता ओढता, मान वर न करता. "ह्या औषधानं होतंय का रे हे?"

मी म्हटलं, "हो, दादा."

"अजून वाढवलं तर?"

"पाय काळे पडतील. आणि प्रेशर... प्रेशरही राहील असं नाही."

"म्हणजे इंजिन गेलंय, आणि आपण नुसता ॲक्सिलरेटर दाबतोय."

मुंगी पुढे आली, त्याच्याजवळ खाली बसली, आणि म्हणाली, "आजोबा, आपण थांबलो तर त्यांना त्रास होणार नाही, ते मी बघेन. तुम्ही सांगाल तसं करू. घाई नाही." किती सरळ बोलली पोर! मी तिला कितीतरी औषधं शिकवली, हे कुणी शिकवलं तिला? मी नाही.

दादानं दुसरा मोजा टाचेपर्यंत ओढून घेतला. मग म्हणाला, "तिला गारठा कधीच सोसत नव्हता. मार्चमध्येसुद्धा शाल. मी बसवरून आलो की आधी माझे हात बघायची, गार असले की लावू द्यायची नाही अंगाला." आणि मग माझ्याकडे बघून, "बंद कर ते. तू कर. परक्या माणसानं नको."

मुंगीनं आधी तिला धाप लागू नये, दुखू नये म्हणून औषध दिलं. मग बाजूला झाली. 'सर, बाहेर' नाही म्हणाली. आणि तुम्हाला सांगतो, तो पंप मी डोळे मिटून चालवू शकतो, त्याचं प्रत्येक बटण माझ्या बोटांना पाठ आहे, आणि त्या दुपारी मला बंद करायचं बटण सापडेना! समोर होतं! लाल! मी आपला बघतोय, बघतोय... वहिनी असती ना शुद्धीवर, तर म्हणाली असती, "भाऊजी, डोळे पुसा आधी, मग दिसेल." पुसले. दिसलं.

झोपवणं सोपं असतं हो... म्हणतात लोक.

ती गेली तेव्हा कुठल्याही यंत्राचा आवाज नव्हता, मुंगीनं सगळे बंद केले होते. दादानं तिचे पाय मांडीवर घेतलेले. मध्येच म्हणाला, "अरे, जरा ऊब आली बघ. आली ना? हात लावून बघ." मी हात लावला. आली होती का? तुम्हाला सांगतो, मला कळलं नाही. आणि मी नीट बघितलंही नाही. जन्मभर नाडी, श्वास, बाहुल्या, सगळं दोनदोनदा तपासत आलो, पण तेवढं एक नाही तपासलं. म्हटलं, "हो दादा, आली." तो म्हणाला, "मग झालं."

मुंगीनं घरी जाताना मला जिन्यात गाठलं. वाटलं, सांत्वन करणार. म्हणाली, "सर, उद्याच्या तुमच्या केसेस मी घेते." मी म्हटलं, "अगं, मी येतो ना." "सर," म्हणाली, "बाहेर." आणि रडली. भर जिन्यात. मग मीच तिला पाणी आणून दिलं.

दादा आता माझ्याकडेच असतो. त्याचा त्रास काही नाही, हं, बसस्टॉपवर उभा राहतो, आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला नावं ठेवतो, घरी येतो. फक्त त्यानं बाजारातून ते प्रेशर मोजायचं मशीन आणलंय, दंडाला पट्टा बांधायचं. आणि मापून झालं की मला फोन! मी ऑपरेशनच्या मध्यात, हातात सिरिंज, सिस्टर बिचारी फोन माझ्या कानाला धरून उभी.

"अरे, एकशे तीसवर ऐंशी. कसं आहे?"

"उत्तम आहे, दादा."

"पुन्हा बघू?"

"बघ."

पट्टा फुगल्याचा आवाज येतो, सुटल्याचा येतो. "तेवढंच आलं."

"मग? चांगलंच आहे की."

आणि मग हळूच, मला ऐकू जाऊ नये असं, "अरे, मग बरं का वाटत नाही?"

आता काय सांगू, तुम्हीच सांगा! पलीकडून सर्जन विचारतोय, "सगळं ठीक ना?" सिस्टरचा हात अवघडलाय. मी म्हणतो, "दादा, दुपारी परत बघ." आणि बघतो हो बिचारा, रोज बघतो... दुपारी तर आणखीनच चांगलं येतं!